पाळणाघर आणि दाण्याची अ‍ॅलर्जी

लेक अडीच वर्षांची, दाण्याची अ‍ॅलर्जी आहे, टेस्ट झालीये. जूनपासून पाळणाघर. डबा घरचाच देईन पण बाकीच्यांच्या डब्यात कूट असतंच ना, कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत. काकू प्रेमळ आहेत पण म्हणतात, "चिमूटभर कुटाने काय होतंय!" कसं समजवायचं?

> "दाणे नको" एवढ्यावर भागत नाही गं. कूट, चिक्की, दाण्याची चटणी, घाण्याचं तेल, एकेक नाव लिहून तिच्या फोटोसकट स्वयंपाकघरात चिकटव. भाजी वेगळी केली तरी डाव तोच फिरतो. आणि एकादशीला सरळ घरीच ठेव बाई.

> सगळ्या पोरांचे हात खाल्ल्यावर साबणाने धुवायला लावा, सॅनिटायझरने दाण्याचं प्रोटीन जात नाही.

> डॉक्टरांकडून लेखी प्लॅन घ्याच. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, पोर एकदम मलूल पडलं तर अ‍ॅलर्जीचं सिरप देऊन वाट बघत बसायचं नसतं, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीत आणि तडक हॉस्पिटल. ते कोण देणार, कसं देणार हे आधीच विचारून ठेवा.

थँक्यू सगळ्यांना! पुढच्या अपॉइंटमेंटला काकूंनाच सोबत नेते, डॉक्टरांचं तरी ऐकतील 😅