मदत हवी आहे: अमोनियाचं उत्तर २२.६७ ग्रॅम येतंय, पुस्तकात १७ आहे (अकरावी केमिस्ट्री)

नमस्कार, मी अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडियम. समीकरणं संतुलित करायला मला छान जमायची पण आता सगळं इंग्लिशमध्ये आलंय आणि व्हॅलन्सी म्हणजे आपली संयुजाच हे कळायलाच आठवडा गेला, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

गणित असं आहे की १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन घेतला तर जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल. एक एन-टू आणि तीन एच-टू मिळून दोन अमोनिया, म्हणजे २८ ग्रॅम नायट्रोजनला ६ ग्रॅम हायड्रोजन लागतो आणि ३४ ग्रॅम अमोनिया होतो, इथपर्यंत ठीक. क्लासमध्ये सांगितलं की जे कमी असेल ते लिमिटिंग रिएजंट, म्हणजे किती माल बनेल हे ज्याच्यावर ठरतं ते. ४ कमी आहे १४ पेक्षा, म्हणून मी हायड्रोजन धरला, ४ भागिले ६ गुणिले ३४ केलं, २२.६७ आलं. तीनदा केलं, तेच येतंय.

दुसरं, ऑक्सिडेशन नंबर म्हणजे संयुजेलाच प्लस-मायनस लावायचं ना? मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन −१ कसा काय, त्याची संयुजा तर २ आहे. आणि मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाचे ३ अणू, ऑक्सिजनचे ४, तिथे लोखंडाचा नंबर ८/३ दिलाय. इलेक्ट्रॉनचे तुकडे होतात का??

मिठाचाखडा:
बाकी सगळं सोड, आधी बेरीज कर. टाकलंस किती, १४ आणि ४, म्हणजे १८ ग्रॅम. १८ ग्रॅम मालातून २२.६७ ग्रॅम अमोनिया काढलास तर कारखानेवाले उद्या तुझ्या दारात रांग लावतील 😀 वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आठव. उत्तर १८ च्या वर गेलं की तिथेच पेन खाली ठेवायचं.

नटबोल्ट:
आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, केमिस्ट्री बारावीनंतर सुटली पण हे गणित मी रोज करतो, म्हणून सांगतो. नट-बोल्ट आम्ही किलोवर आणतो पण बसवताना नगावर बसवतो. समज एक बोल्ट २८ ग्रॅमचा, एक नट २ ग्रॅमचा, आणि एका बोल्टला तीन नट लागतात. १४ किलो बोल्ट आणले म्हणजे ५०० नग. ४ किलो नट म्हणजे २००० नग. आता सांग कमी काय पडलं? वजनाला नट कमी दिसतात पण ५०० बोल्टना १५०० नटच लागतात, ५०० नट म्हणजे १ किलो डब्यात तसेच राहिले, कमी पडले ते बोल्ट. एक सेट ३४ ग्रॅमचा, ५०० सेट म्हणजे १७ किलो.

किलोच्या जागी ग्रॅम लिही, तुझंच गणित आहे. मोल म्हणजे हा नग, फक्त नग फार मोठ्या संख्येने मोजायचे. तुझ्याकडे अर्धा मोल नायट्रोजन आहे, दीड मोल हायड्रोजन पाहिजे, आहे २ मोल. "जे कमी असेल ते" हे वाक्य अर्धवट आहे, जे आधी संपेल ते असं म्हण.

जांभळी_बाटली:
वरच्या दादांनी झकास सांगितलं. एकच भर, प्रश्नात "जास्तीत जास्त" आहे ते उगाच नाही, अमोनियाची अभिक्रिया उलटही फिरते, प्रत्यक्षात पूर्ण १७ हाती येत नाही.

आता दुसरा प्रश्न. अगं, संयुजा आणि ऑक्सिडेशन नंबर एक नाहीत, बऱ्याचदा आकडा जुळतो म्हणून तसं वाटतं. संयुजा म्हणजे अणू किती बंध करतो. ऑक्सिडेशन नंबर हा नुसता हिशोब आहे, प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन ज्याची ओढ जास्त त्याच्या खात्यावर टाकून द्यायचे आणि मग कोणाकडे किती जमा, किती उधार बघायचं. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनला दोनच बंध आहेत, संयुजा २ च राहिली. पण एक बंध हायड्रोजनशी, तिथून एक इलेक्ट्रॉन मिळाला, −१. दुसरा बंध दुसऱ्या ऑक्सिजनशीच, दोघांची ओढ सारखी, तिथे कोणी कोणाचं काही घेत नाही. झालं, −१ वरच थांबला.

मॅग्नेटाइटमधलं ८/३ ही सरासरी आहे. ऑक्सिजन चार, म्हणजे −८, ते तीन लोखंडांनी मिळून फेडायचं. दोन जण +३ आणि एक +२, बेरीज ८. घरात माणशी साडेतीन पोळ्या लागतात म्हणून कोणी अर्धी पोळी खाऊन उठतो असं नाही ना. कोणत्याच अणूवर ८/३ बसलेला नसतो.

एक करून बघ, पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचा किती? पोटॅशियम २, क्रोमियम २, ऑक्सिजन ७.

प्रश्नकर्ती:
दादा, नटबोल्ट डोक्यात फिट बसलं, वहीत तसंच चित्र काढून ठेवलंय. ताई, पोटॅशियमचे +२, ऑक्सिजनचे −१४, म्हणजे क्रोमियम +१२? एवढा मोठा असतो का?

जांभळी_बाटली:
दोन क्रोमियम आहेत गं.

प्रश्नकर्ती:
अरे हो. +६.