कारखान्याचं काम परदेशात गेलं तर कामगाराला सरकारने पगाराची भरपाई द्यावी का?

ऐरोलीकर
माझे वडील रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कंपनीत २६ वर्षं होते. मार्चमध्ये शॉप बंद झालं, काम व्हिएतनामला गेलं. शेवटचे तीन आठवडे वडील आणि सोबतचे लोक स्वतःच मोल्ड पुसून, गंज धरू नये म्हणून तेल लावून, लाकडी पेट्यांत भरत होते. कुठल्या मोल्डची कुठली पिन अडकते ते वडिलांनी प्रत्येक पेटीवर खडूने लिहिलं, तिकडच्या माणसाला त्रास नको म्हणून.

हिशोब आणि ग्रॅच्युइटी मिळाली, त्यात घराचं कर्ज फिटलं. वय ५२. पगार ३८ हजार होता, आता भिवंडीच्या गोदामात १७ हजारांवर आहेत.

अमेरिकेत १९६२ साली अशा कामगारांसाठी वेगळी योजना आली. भत्ता, नवं प्रशिक्षण, आणि पुढे त्यात आणखी एक सोय झाली: पन्नाशीच्या माणसाला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर दोन पगारांतल्या फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत मिळून १० हजार डॉलरपर्यंत. त्या हिशोबाने वडिलांना महिना साडेदहा हजार मिळाले असते. बाहेरून स्वस्त माल येतो त्याचा फायदा सगळ्यांना. मग त्याची किंमत एकट्या ५२ वर्षांच्या माणसाने का मोजायची? आपल्या सरकारने ही योजना आणावी असं मला वाटतं.

वागळे_वर्कशॉप
ताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण मी विरोधात आहे. वागळे इस्टेटमध्ये माझं जॉबवर्क आहे, ११ माणसं. अशीच एक कंपनी गेली तेव्हा माझं निम्मं काम गेलं आणि मला तिघांना घरी बसवावं लागलं. त्या तिघांना तुमच्या योजनेत कोण धरणार? त्यांचं काम कुठे परदेशात गेलं?

शिवाय हे आपल्याकडे करून झालंय. १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. सांगितलं होतं कामगारांना नवं काम शिकवायचं म्हणून, पण बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्तीत) गेला. त्यापेक्षा मला विजेचा दर कमी द्या, मी तुमच्या वडिलांसारखी दोन माणसं उद्या ठेवतो.

खारकर_आळी
अमेरिकेच्या योजनेचं पुढचंही सांगायला हवं. १९६२ च्या कायद्यातल्या अटी इतक्या कडक होत्या की नोव्हेंबर १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ मध्ये अटी सैल केल्या. आणि १ जुलै २०२२ पासून मुदतवाढच नसल्याने नवे अर्ज मंजूर होणं थांबलं.

माझा मुख्य आक्षेप ‘परदेशात’ या शब्दाला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातून सिल्वासाला, गुजरातला, चाकणला किती काम गेलं. ज्याचं काम सिल्वासाला गेलं त्याच्या घरी चूल वेगळी पेटते का? कारण शोधत बसलात की सगळा पैसा आणि वेळ पुराव्यातच जाईल.

घणसोली_शिफ्ट
मी सात वर्षं अशाच एका कंपनीत होतो, पण ठेकेदाराकडून. काम पर्मनंटवाल्यांचंच, त्याच मशीनवर. बंद झाली तेव्हा त्यांना वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळाला. आम्हाला ठेकेदाराने कोऱ्या कागदावर सह्या मारायला लावल्या, म्हणाला पीएफ सुटायला लागतात. नंतर कळलं, त्यावर राजीनामा लिहिला होता. राजीनामा म्हटलं की छाटणीची भरपाई संपली. पगाराच्या फरकाचं बोलताय ते बरोबर आहे, पण आधी आम्ही तिथे होतो हे कुणीतरी मान्य करावं.

वागळे_वर्कशॉप
भाऊ, हे ऐकून संताप आला. कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या. पण हा कायदा मोडल्याचा प्रश्न आहे. तो नवी योजना काढून सुटत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही छाटणी झालेल्या प्रत्येकासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आहे. तो तरी नीट खात्यात पडू दे.

ऐरोलीकर
१५ दिवसांच्या पगारात ५२ व्या वर्षी कुठलं कौशल्य शिकायचं, दादा? वडील कोर्सच्या चौकशीला गेले होते. सगळी १९-२० वर्षांची मुलं. त्यांना विचारलं, मुलाच्या ॲडमिशनसाठी आलात का? पुन्हा गेले नाहीत. म्हणून मी प्रशिक्षणापेक्षा पगाराच्या फरकावर अडून बसले आहे. माणूस कामाला लागल्यावरच तो पैसा मिळतो, घरी बसल्याचा नाही.

‘परदेशात’ ही अट मात्र मी सोडते. काम सिल्वासाला गेलेलं असो की वागळेतल्या त्या तिघांचं, ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) नोंदीवर पगार किती घसरला एवढंच बघा.

खारकर_आळी
असं असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. फक्त ईएसआयची मर्यादा २१ हजार पगाराची आहे. तुमचे वडील ३८ हजारांवर होते, ते त्या नोंदीत सापडणार नाहीत. पीएफची नोंद धरावी लागेल.

घणसोली, तुमच्या पगारातून ईएसआय कापत होते का? ईएसआय असलेल्याची नोकरी गेली तर भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के होते, कोविडमध्ये ५० केले. ९० दिवसांपुरते, आयुष्यात एकदाच. मदत तुटपुंजी आहे, पण विचारून बघा.

घणसोली_शिफ्ट
कापत होते. कार्ड आहे. सोमवारी सुट्टी टाकून जातो.