जुन्या वस्तूंच्या बाजारावर संग्रहालय जगवावं का?

पांझराकाठ :
मागच्या महिन्यात धुळ्यात भांड्यांच्या दुकानात बसलो होतो. एक मावशी रिक्षातून पितळी घंगाळ घेऊन उतरल्या. काठाला वेलबुट्टी, बाजूला टिपक्याटिपक्यांनी कोरलेलं नाव, त्याखाली गाव. दुकानदाराने आधी हातोडीने दोन्ही कड्या उडवल्या, कारण त्या लोखंडी, वजनात धरत नाहीत. मग काटा. मी नाव वाचायला वाकलो तोवर घंगाळ आत गेलं होतं.

आमच्या तालुक्यातल्या छोट्या वस्तुसंग्रहालयाला पहारेकऱ्याचा पगार, वीजबिल आणि वाळवीचं औषध एवढंही भागत नाही. माझं म्हणणं असं, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्याच आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरवावा. चाळीस जणांना जागा दिली आणि प्रत्येकी ३०० रुपये भाडं घेतलं तर १२,००० होतात. शिवाय विक्रीवर शेकडा पाच. मांडवाचा पहिला खर्च वर्गणीतून करू. जोडीला कल्हईवाला आणि तांबट बसवले, तर बघायला आलेला माणूस पुढच्या महिन्यात घरचं भांडं घेऊन येईल. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला माणसं कुठून कुठून येतात. तशी सवय इथेही लावता येईल.

गिरणाथडी :
माझा पूर्ण विरोध आहे, आणि तो घंगाळाला नाही. एकदा बाजार नावारूपाला आला की मुंबई-पुण्याचे व्यापारी येणार. मग गावागावांतल्या माड्यांचे कोरीव खांब, चौकटी, दरवाजे सुटे होऊन ट्रकमध्ये चढणार. आज भाऊबंदकीत पडून असलेला वाडा निदान उभा तरी आहे. उद्या त्याच्या दाराला भाव आला की तो आधी दारापासून पडायला लागेल.

दुसरं त्याहून वाईट. आपल्याकडे नदीकाठाला पांढरी, म्हणजे जुन्या वस्त्यांची मातीची टेकाडं आहेत. १९५५ साली तापीकाठच्या प्रकाशा गावी उत्खनन झालं, तिथे ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती निघाली. गिरणेवर बहाळ गावी तसंच ठिकाण आहे. पावसाळ्यानंतर पांढरीत मणी, नाणी, खापरं वर येतात. त्यांना गिऱ्हाईक मिळालं की फावडं हातात घेणारी पोरं तयार होतील. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं, हा १८७८ चा कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तू विकण्याचा धंदा १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. टेबलावर कोण काय मांडतोय हे कोण तपासणार? पहारेकरी?

तापीची लेक :
दादा, तुमची भीती खरी आहे, पण बाजार नसताना काय होतंय तेही बघा. माझ्या आजीची लाकडी अधोली, म्हणजे धान्य मोजायचं माप होतं, वरच्या काठाला पितळेची पट्टी. दाणे मोजताना आजी पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायची. ती गेल्यावर घरच्यांनी अधोली शेगडीत घातली आणि पट्टी मोडीत दिली. कुणीही लबाडी केली नाही. घरात कुणाला ते माप वाटलंच नाही, मोडकं लाकूड वाटलं.

आईने दारावरच्या भांडेवाल्याला नव्या वाटीच्या बदल्यात जुनं किती काय दिलं त्याचा हिशेब नाही. विचारलं तर म्हणते, ‘मोडना भावमा लिधं त्यानी, काय करवो?’ चार लोक ती वस्तू हातात घेऊन बघतात, भाव विचारतात, हे दिसलं असतं तर तिने निम्म्या वस्तू ठेवल्या असत्या. माझ्या मते बाजाराचा खरा उपयोग तो आहे, विक्री नंतरची गोष्ट.

चाळीसगावकर :
मी बाजाराच्या बाजूचा आहे, पण ते शेकडा पाच आधी काढून टाका.

संग्रहालयाला विक्रीतून वाटा मिळाला की महागडी वस्तू विकली जावी असं त्याला वाटू लागणार. मग ‘ही वस्तू खरी का?’ असं विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथला माणूस सरळ उत्तर कसं देईल? संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे, तीही तिथल्या लोकांनी अशा खरेदी-विक्रीच्या धंद्यात पडू नये असंच सांगते. जागेचं भाडं घ्या, चहाच्या टपरीचं घ्या, सायकल स्टँडचं घ्या. वस्तूवर एक रुपयाही नको.

आणि देणाऱ्यांचा विचार करा. आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं त्यांच्या मागे लोकांना बघता येतं. पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या वीस हजारांवर वस्तूंचं संग्रहालय झालं. अशा ठिकाणी माणूस बापाचा अडकित्ता देतो, तो तिथेच राहणार या भरवशावर. त्याच आवारात रविवारी तसाच अडकित्ता टेबलावर दिसला, तर तो काय समजेल? संग्रहालयातली एकही वस्तू बाजारात येणार नाही, हे फाटकावर मोठ्या अक्षरात लिहा.

सातपुडा पायथा :
आमच्याकडच्या बायांचे चांदीचे दागिने लग्नाच्या, दवाखान्याच्या अडीनडीला विकले जातात. ते ‘आदिवासी अँटिक’ म्हणून तिप्पट भावाने मांडलेले बघवणार नाहीत. एवढंच सांगायचं होतं.

पांझराकाठ :
शेकडा पाच मागे घेतो. चाळीसगावकरांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

गिरणाथडी, मूर्ती, नाणी, पोथ्या, कागदपत्रं, हस्तिदंत आणि जमिनीतून निघालेलं काहीही मांडायचं नाही, हे जागेच्या पावतीवरच छापू. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. ज्या गावात त्यांची दप्तरं जपली गेली, तिथे पोथी टेबलावर विकायला मांडू देणार नाही. दागिन्यांचंही तसंच, सातपुड्याचं म्हणणं मला पटलं.

आणखी एक. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि ती कोणत्या गावची, घरात तिला काय म्हणत, हे बाजाराच्या वहीत लिहून घ्यायचं. वस्तू गेली तरी वही संग्रहालयात राहील. मावशींच्या घंगाळावरचं नाव तेवढं तरी उरलं असतं.

गिरणाथडी :
वही चांगली आहे. पण यादीत खांब आणि दरवाजे अजून नाहीत. ते घातल्याशिवाय मी वर्गणी देणार नाही, आणि आमच्या गल्लीतही कुणाला देऊ देणार नाही.