अनुदान कुणाला नाही?

वर एकांनी लिहिलंय की आखाती विमान कंपन्या सरकारी पैशावर तिकिटं स्वस्त करतात, म्हणून त्यांना आपल्याकडे जास्त उड्डाणं देऊ नयेत. निम्मं पटतं.

२०१५ साली डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन अमेरिकी विमान कंपन्यांनी हीच तक्रार केली होती. एमिरेट्स, एतिहाद आणि कतार एअरवेज या आखाती कंपन्यांना दहा वर्षांत ४० अब्ज डॉलरहून जास्त मदत मिळाली, असा आरोप होता. पण २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारनेच आपल्या कंपन्यांना ५ अब्ज डॉलर रोख दिले, शिवाय कर्जहमी. कोविडमध्ये जर्मनीच्या लुफ्तान्झासाठी ९ अब्ज युरोंचं पॅकेज. आपल्या एअर इंडियात वर्षानुवर्षं किती ओतलं ते तर विचारूच नका! सोवळं कुणाचंच नाही.

आणि आपण नाशिककर तरी कुठे वेगळे? आपल्या ओझर विमानतळावरून उडानच्या, म्हणजे छोट्या शहरांसाठीच्या सरकारी स्वस्त विमानसेवा योजनेच्या, तिकिटावर मीही गेलोय. त्या विमानातल्या साधारण निम्म्या सीटचं भाडं बांधलेलं, तोटा सरकार भरून देतं, आणि त्यासाठीची वसुली मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर.

फरक मला एवढाच दिसतो: उडानची मदत ठरावीक मुदतीची आणि जाहीर बोलीतून. आखातातला हिशेब उघड नव्हता, खरं दुखणं ते. २०१८ मध्ये अमेरिकेने कतार आणि अमिरातीशी समझोते केले तेही मुख्यतः हिशेब उघडे करण्यावरच.

बाकी मुलीकडे जाताना रात्री दोनला बॅगा टॅक्सीच्या टपावर बांधून कसारा घाट उतरतो, तेव्हा मी स्वस्त तिकीटच बघतो. दुबईमार्गे.