दोन चाचण्यांच्या गुणांची एक्सेलमध्ये तुलना कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला गणित शिकवते. जुलै आणि डिसेंबर अशा दोन वर्गचाचण्या मी घेतल्या. दोन्ही प्रत्येकी ३० गुणांच्या होत्या. जुलैत २६ मुले होती आणि वर्गाची सरासरी १५ आली. डिसेंबरच्या यादीत ३२ नावे आहेत, कारण गळीत हंगाम सुरू झाल्यावर ऊसतोड कामगारांची सहा मुले वर्गात दाखल झाली. या वेळची सरासरी १४.२५ दिसते. पाच महिने रोज भागाकार आणि अपूर्णांक घेऊनही वर्ग मागे गेला, हे मला पटत नाही. परंतु आकडा समोर असताना केवळ मनाला वाटते म्हणून तो नाकारणेही योग्य नाही.

दुसरी अडचण अशी की, नवी नावे यादीत घालून मी वर्णानुक्रम लावला, तेव्हा फक्त नावांचा कॉलम हलला आणि गुण जागेवरच राहिले. भागाकार सहज करणाऱ्या मुलीपुढे ९ गुण दिसल्यावर ही चूक लक्षात आली. उत्तरपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. गुण पुन्हा भरताना पत्रक कसे मांडावे आणि तुलना कशी करावी, हे कृपया सांगावे. डिसेंबरला दोन मुले गैरहजर होती, त्यांच्यापुढे मी ० लिहिले आहे.

प्रतिसाद: मॅडम, मी जत तालुक्यात शिकवतो. तुमच्याकडे मुले येतात, आमच्याकडून जातात, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी माझ्याही समोर असतो. सर्वप्रथम ते दोन शून्य काढून तिथे ‘गैर’ लिहा. ॲव्हरेज हे सूत्र अक्षरे आणि रिकामे सेल सोडून देते, शून्य मात्र गुण म्हणून धरते. जुलै आणि डिसेंबरची पत्रके वेगळी ठेवा, दोन्हींत पहिला कॉलम विद्यार्थी क्रमांकाचा करा आणि व्हीलूकअपने (क्रमांक शोधून त्यापुढचे गुण आणणाऱ्या सूत्राने) गुण शेजारी आणा. नावावरून जुळवू नका, कारण एकाच मुलाचे नाव दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने लिहिलेले असते. सूत्राच्या शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका, नाहीतर क्रमांक न सापडल्यास ते जवळच्या क्रमांकाचे गुण उचलून आणू शकते. नव्या सहा मुलांपुढे जुलैच्या कॉलममध्ये त्रुटी दिसेल. तिथे आयएफएररने (त्रुटीऐवजी काय दाखवायचे ते ठरवणाऱ्या सूत्राने) सेल रिकामा दाखवा, पण शून्य भरू नका. त्यानंतर दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच सरासरी काढा.

धागाकर्ती: सर, मनःपूर्वक आभार. सर्व गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरले. शून्य काढल्यावर डिसेंबरची सरासरी १५.२ झाली. दोन्ही चाचण्या दिलेली २४ मुले जुलैत १५.५ वर होती, ती आता १७ वर आहेत. नव्या सहा मुलांची सरासरी ८ आहे. गैरहजर राहिलेल्या दोघांना जुलैत प्रत्येकी ९ गुण होते, म्हणजे ज्यांची चाचणी सर्वांत आवश्यक होती, तेच पत्रकातून सुटले. त्यांची चाचणी मी या आठवड्यात घेणार आहे. १५.५ वरून १७ ही प्रगती मानावी का?

प्रतिसाद: लगेच मानू नका. दोन्ही प्रश्नपत्रिका वेगळ्या आहेत आणि डिसेंबरची सोपी असली तरी गुण वाढतील. एकूण गुणांऐवजी प्रत्येक प्रश्नाला एक कॉलम द्या, बरोबर उत्तराला १ आणि चुकीच्या उत्तराला ० लिहा, वरच्या ओळीत त्या प्रश्नाची अध्ययन निष्पत्ती (म्हणजे मुलाला काय यायला हवे ते) लिहा आणि तळाशी काउंटइफने १ मोजा. ज्या निष्पत्तीवर दोन्ही चाचण्यांत सारख्याच काठिण्याचे प्रश्न आहेत, तेवढ्यांचीच तुलना करा. सहा नव्या मुलांचे पत्रक मात्र स्वतंत्र ठेवा. त्यांचे ८ गुण वर्गाच्या सरासरीत मिसळले, तर त्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही की मराठीतले शाब्दिक उदाहरणच वाचता येत नाही, हे कधीच कळणार नाही, आणि हंगाम संपताच ती मुले निघून जातील.

धागाकर्ती: प्रश्ननिहाय नोंदी आज त्या सहा मुलांपासून सुरू करते.