सोलापुरात पाण्याकाठी चालायला कुठे जाता? (अनुभव धागा)

गुडघा असो, साखर असो, वजन असो, डॉक्टर शेवटी एकच सांगतात: चाला. कुठे चाला, ते सांगत नाहीत. आपल्याकडे डोंगर नाही, नदीही शहरातून जात नाही. सीना तिऱ्हे, वडकबाळ अशी बाहेरून वळसा घालून जाते आणि तिच्या काठाला काळी माती, वेड्या बाभळी. पावसात तिथे चप्पल चिखलात राहते आणि पाय वर येतो. त्यामुळे सोलापूरकराला पाण्याकाठची फरसबंद, सपाट वाट हवी असेल तर ती तळ्याचीच: सिद्धेश्वर, नाहीतर कंबर. (कंबर तलावाचं नाव धर्मवीर संभाजी तलाव होऊन बरीच वर्षं झाली, पण रिक्षावाल्याला आजही कंबरच सांगावं लागतं.)

या धाग्यावर गड चढल्याचे पराक्रम नकोत. म्हाताऱ्या माणसाला, लेकुरवाळीला, नुकतंच ऑपरेशन झालेल्याला झेपेल अशा चालीबद्दल लिहा. कधी जाता, कुठून सुरू करता, काय खटकतं, सगळं चालेल.

पूर्वभागकरीण
आमची आई विड्या वळते. मांडीवर सूप, पाय दुमडलेले, मान खाली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, की पुढचं पान. संध्याकाळी उठताना आधी भिंतीला हात लागतो, मग गुडघा सरळ होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं, ‘रिकामं फिरायला मी काय पेन्शनर आहे का?’

मग मी चालण्याचा विषयच बंद केला. म्हटलं, सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला जाऊ. लगेच तयार. रिक्षा मुद्दाम लांब सोडायची, सिद्धेश्वर तळ्याच्या कडेने चालत त्याच्या देवळात, आत समाधीला प्रदक्षिणा आणि परत येताना दुसरी बाजू. बूट घेऊन दिले तर ‘नऊवारीवर बूट?’ म्हणून कपाटात ठेवले. मागे पट्टा असलेली सँडल चालली. आता शेजारच्या दोघी-तिघीही येतात. तेलुगूत अशा काही गप्पा रंगतात की वाट कधी संपली ते त्यांना कळत नाही, मलाच घड्याळ बघावं लागतं. परवा म्हणाली, एकदा सिद्धरामेश्वरांनी गावात स्थापलेल्या ६८ शिवलिंगांचं दर्शन पायी करू. मी म्हटलं, आधी थंडी पडू दे.

निवृत्त_मास्तर
माझा मुक्काम कंबर तलावाला. तक्रार एकच, पेव्हर ब्लॉक. दिसायला छान, पण कडक, आणि एखादा ब्लॉक उचलला गेला की आमच्या वयाला तोच घात करतो. पावसाळ्यात सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ धरतं. वाळलेलं दिसतं, पण पाय ठेवला की निसटतो. सावली सोडून उन्हातल्या पट्ट्यावरून चाला, असं सोलापुरात कुणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं!

वेळेचं म्हणाल तर मार्चनंतर सूर्य उगवायच्या आधी निघावं. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आणि फरशी रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. संध्याकाळी गार वाटतं ते फक्त तोंडाला, तळपायाला विचारा.

काय_की_बे
मास्तर बरोबर बोलले बे. पण संध्याकाळी भेळ असती की! सकाळी नुसतं चालून काय करायचं.

दुर्बीणवाला
फरसबंद वाट हवी असेल तर हिप्परग्याला येऊ नका, आधीच सांगतो. तुळजापूर रोडवरचा हा एकरूख तलाव इंग्रजांच्या काळातला, आदिला नदी अडवून १८७१ साली पुरा झालेला. इथला काठ कच्चाच आहे. पण थंडीत पट्टकदंब हंस उतरतात, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) दिसतात. ते एकदा बघितल्यावर पायाखाली काय आहे याचं भान राहत नाही.

ज्यांना सपाट वाटच हवी त्यांनी कंबर तलावावर थोडं थांबत चालावं. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी म्हणजे वारकरी. टिबुकली दिसली तर ती बुडी मारल्यावर कुठून वर येईल याची नातवाशी पैज लावा. पोरं मोबाईल मागत नाहीत. एक विनंती, पक्ष्यांना फरसाण टाकू नका.

चाकांची_खुर्ची
वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून मी वाटेकडे चाकाच्या नजरेने बघतो. सिद्धेश्वर तळ्याची कडा सपाट आहे, खुर्ची मजेत जाते. अडतं ते दोनच ठिकाणी: दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब, आणि जिथे अचानक पायरी येते तिथे. पायरीला खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं आधी चढवायची, हे मला एका हमालाने दाखवलं. त्याआधी आम्ही दोघं-तिघं मिळून उचलत होतो.

वडिलांना देवळापेक्षा किल्ला आवडतो. तळ्याच्या पाण्यावरून समोर तट दिसतो आणि सकाळचं ऊन सरळ त्यावर पडतं. तिथे थांबलो की त्यांना जुनी गिरणी आठवते. भोंग्यावर कामाला निघायचे ते दिवस. बोलणं अजून अडखळतं, पण भोंग्याची नक्कल चोख करतात. जाणारे-येणारे दचकतात.

नाक_दाबून
सगळे गोडच लिहितायत म्हणून. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हिरवा तवंग येतो आणि वारा आपल्याकडे असेल तर नाकाला रुमाल लागतो. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात टाकणारे भक्त मी रोज बघते. फुलं कुजतील, पिशवीचं काय? मी एका बाईंना हटकलं तर म्हणाल्या, ‘देवाचं आहे ते.’ पिशवी पण?

मंगळवेढेकर
खरा नदीकाठच हवा असेल तर रविवारी गाडी काढून हत्तरसंग कुडलला जा. सीना भीमेला मिळते ती तिथे. लांब वाट नाही, देवळांभोवती आणि संगमाकडे पाय मोकळे करण्याइतकीच. पण हरिहरेश्वराच्या देवळात एका शिवलिंगावर कोरलेली ३५९ मुखं आहेत आणि संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४० मधला, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख. तो उजेडात आणला आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भरपूर पाणी घ्या. नदी भरलेली असताना लहान मुलांना काठावर मोकळं सोडू नका, गाळ निसरडा असतो.

नवी_सून
मी लातूरची, इथे नवीन. जानेवारीत माहेरची मंडळी येणार आहेत, सासूबाई आणि माझी आई दोघींना चालायला न्यायचं आहे. सिद्धेश्वर की कंबर?

काय_की_बे
वहिनी, संक्रांतीच्या आसपास येत असतील तर सिद्धेश्वरला चालायचं इसरा. सिद्धरामेश्वराची जत्रा असती: संमती कट्ट्यावर अक्षता, सातही नंदीध्वज, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार आणि पाळणे. तिथं चालत नसतेत, गर्दी ढकलंल तिकडं जातेत. चालायला सकाळी कंबर तलाव, आणि गड्डा बघायला संध्याकाळी. पाळण्यात मात्र दोघींना एकत्र बसवू नका बे!