टेकऑफला वारा फिरला, विमान गवतात. चूक पोराची की वाऱ्याची?

नवीपेठकर:
माझं कापडाचं दुकान आहे. विमानातलं मला इतकंच कळतं की सोलापुरात होटगी रोडवरून गोव्याचं विमान उडालं की गिऱ्हाईक वर बघतं आणि भाव ऐकायचं विसरतं.

पुतण्या परराज्यात पायलट व्हायला गेलाय. मागच्या मंगळवारी भर दुपारी तीनला एकटाच सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन निघाला. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, समोरचा वारा दाखवत होता म्हणे. निम्म्यात वारा डावीकडून आला, चाकं उचलली, परत टेकली, आणि विमान डाव्या बाजूच्या गवतात. पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा वाकला. पोराच्या हनुवटीला तीन टाके, बाकी सिद्धेश्वराची कृपा.

भाऊ म्हणतो, "काय करूलालास तिकडं, ये घरी, दुकानात बस." पोरगं कुणाशी बोलेना. वारा असा मधेच फिरतो म्हणजे नेमकं काय होतं?

उन्हाळकरी:
शिकाऊ विमानं जुनीपानी असतात. इंजिन तपासायला सांगा आधी.

जुळे_सोलापूर:
इंजिनाचा इथं संबंध दिसत नाही. मी बारा वर्षं पोरांना विमान शिकवलं, आता निवृत्त.

काका, विमानाला जमिनीवरच्या वेगाचं काही पडलेलं नसतं, पंखांवरून हवा किती वेगानं जाते तेवढंच. हे विमान ५५ नॉटला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, नाक उचलतं. समोरून १० नॉट वारा असला तर त्यातले १० फुकट मिळाले. तोच फिरून मागून ५ चा झाला की क्षणात १५ गेले. तुमच्या पोराला बहुतेक एका झोतानं वेळेआधीच उचललं. झोत सरला तसं विमान खाली आलं, तेही तिरकं.

आणि डावीकडेच का? एका इंजिनाचं विमान पूर्ण ताकदीवर तसंही डावीकडे ओढतं, उजव्या पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून सरळ धरावं लागतं. त्यात डावा वारा शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. दोन्ही ओढी एकाच बाजूला. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला विचारा, काठी वाऱ्यावर झुकली की तो कमरेतून आधीच तोल देतो, झुकल्यावर नाही.

विंडसॉक फक्त तिथला, त्या घडीचा वारा सांगतो. दुपारी माळावर वावटळ उठते ती हजार मीटर पलीकडे वेगळीच. शिवाय उन्हानं हवा विरळ होते. आपलं सोलापूर ४८० मीटरवर, पण ४० अंशांना इथली हवा १५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ होते. महाबळेश्वरच्याही वर! इंजिन, पंखा, पंख सगळ्यांचं काम मंदावतं, धाव लांबते. म्हणून मी नव्या पोरांना सकाळी दहाच्या आत उडवायचो.

नवीपेठकर:
म्हणजे चूक त्याची नाही?

जुळे_सोलापूर:
थोडी आहे की. रडर उशिरा पडला असणार, नाहीतर गवत दिसलं नसतं. पण परत टेकल्यावर त्यानं पॉवर काढली का, म्हणजे इंजिनाची ताकद कमी केली का, हे विचारा. मंदावलेलं विमान ओढून वर न्यायला गेलेली पोरं हनुवटीच्या टाक्यांवर सुटत नाहीत. आणि तीन वाजता, वावटळीच्या वेळेला, नवशिक्याला एकट्याला पाठवलं कुणी, तेही विचारा.

नवीपेठकर:
काल रात्री फोन लावला. "पॉवर काढलीस का रे?" म्हटलं. आधी गप्प. मग म्हणाला, "काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" लगेच काढली होती म्हणे. उजवा पाय मात्र कमी पडला, हेही स्वतःहून बोलला. पंचवीस मिनिटं बोललो. भावाला अजून सांगितलं नाही, रविवारी जेवायला येतोय तेव्हा बघू.